स्वभावाला औषध नसेल, पण पथ्य असतं!

भिवपुरी रोडवरून एक स्टेशन पुढे गेलं की कर्जत. पुण्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या तिथे थांबतात आणि त्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. कारण पुढे बोरघाट आहे. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, असा तिथला चढ. पुढचा ड्रायव्हर आणि मागच्या बँकरचा ड्रायव्हर यांची कदाचित ओळखही नसेल. एक तापट असेल, दुसरा अबोल. तरी ओढणं आणि ढकलणं बरोबर जुळतं. घाट उतरताना तर ठरलेल्या जागी गाडी उभी करून ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवावं लागतं, मगच पुढची वाट मिळते. 'मी वीस वर्षं हा घाट उतरतोय' असं सांगून सूट मिळत नाही.

आता होस्टेलच्या कुठल्याही मेस कमिटीकडे बघा. सेक्रेटरी शिस्तीचा असला की हिशोब महिन्याच्या महिन्याला बोर्डावर लागतो. भिडस्त असला की वही कुठे आहे तेही सापडत नाही. नियम सैल असले की माणसाचा स्वभाव भरपूर जागा घेतो आणि नियम घट्ट असले की तो आक्रसतो. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने 'बळकट' आणि 'दुबळी' परिस्थिती असा जो भेद केला, तो हाच.

एक सूत्र

आपल्याला सूत्रं आवडतात म्हणून एक सूत्र सांगतो. १९३६ साली कुर्ट लेविनने मांडलं, की माणसाचं वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोन्हींचं फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे बेरीज नव्हे, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना वेगळं सांगायला नको. एक व्हेरिएबल बदललं की दुसऱ्याचा परिणामही बदलतो. म्हणून 'तो तसाच आहे' किंवा 'इथलं वातावरणच तसं आहे' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. आणि आपण दिवसभर तीच बोलत असतो!

स्वभाव

स्वभावाचे हजार प्रकार असले तरी अभ्यासक आज साधारण पाच गुणांवर ते मोजतात. नव्याची ओढ, कामातला काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि पाचवा, मनाची अस्थिरता. १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सगळ्या तऱ्हेच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी संबंध दिसला तो काटेकोरपणाचा. गॅदरिंगला माईक गाजवणारा मुलगा कामाला वाघ असेलच असं नाही. कोपऱ्यात बसून जर्नल पूर्ण करणारा बरेचदा जास्त उपयोगी पडतो.

संस्कृती

हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएम या एकाच कंपनीच्या ४० देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासून १९८० साली पुस्तक लिहिलं. त्यात 'सत्ता-अंतर' नावाचं एक माप आहे. वरचा आणि खालचा यांच्यातलं अंतर खालच्या माणसाला किती स्वाभाविक वाटतं, ते यात मोजलं जातं. भारताचा आकडा ७७, डेन्मार्कचा १८. हे आकडे देशाची सरासरी सांगतात, एखाद्या माणसाची नाही. पण 'साहेबांना कसं सांगायचं?' हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, हे नाकारता येणार नाही.

मी स्वतः हा प्रश्न गिळून बसलो होतो, म्हणून सांगतो. इनप्लांट ट्रेनिंगला एका कारखान्यात होतो. तिथे कूलिंगच्या पाण्याचा एक प्रेशर गेज अडकलेला होता. काटा कायम एकाच जागी. दर तासाला लॉगबुकात तेच रीडिंग चढायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. ऑपरेटर काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, साहेबांची सही होते ना रोज? तू लिही." मी लिहीत राहिलो. दोन आठवड्यांनी एका रात्री पाणी खरोखरच बंद पडलं, बेअरिंग जॅम झालं आणि बघायला गेलेल्या हेल्परचा हात भाजला. चौकशीत लॉगबुक उघडलं. तीन अक्षरं होती, त्यातलं एक माझं.

सगळे विचारत होते, निष्काळजी कोण? पण काका अतिशय काटेकोर, एक तास चुकवायचे नाहीत. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर बडबड्या. मी भित्रा. तीन तऱ्हेचे तीन स्वभाव, पण तिघांचं वागणं एकच! कारण त्या जागेचा न लिहिलेला नियम होता की गेज खराब आहे म्हणणं म्हणजे साहेबांच्या सहीला खोटं ठरवणं. काकांचा काटेकोरपणा तिथे दर तासाला चुकीचा आकडा न विसरता लिहिण्याच्या कामी आला.

मग दोष संस्कृतीचा का?

'आपल्याकडे असंच चालायचं' म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण २७ मार्च १९७७ चा टेनेरिफचा विमान अपघात आठवा. धुक्यात एका डच विमानाने रनवेवर धाव घेतली, तेव्हा समोर दुसरं विमान अजून रनवेवरच होतं. फ्लाइट इंजिनिअरने ते बाहेर गेलं का, अशी शंका काढली. कॅप्टन त्या कंपनीतला मोठा प्रशिक्षक. त्याने ठामपणे 'हो' म्हटलं आणि शंका तिथेच विरली. ५८३ माणसं गेली. हॉफस्टेडच्या मापात नेदरलँड्सचा आकडा फक्त ३८ आहे! म्हणजे देश कुठलाही असो, कॉकपिटचीसुद्धा स्वतःची एक संस्कृती असते. त्यानंतर विमान कंपन्यांनी ज्युनिअरने बोलावं कसं आणि सीनिअरने ऐकावं कसं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. संस्कृती बदलता येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

किर्लोस्करवाडी

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली.

त्यांनी माणसं निवडली ती एका साच्यातली नव्हेत. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे, यंत्रं शंभोराव जांभेकरांकडे, हिशोब मंगेशराव रेग्यांकडे, विक्री के. के. कुलकर्ण्यांकडे. अनंतराव फळणीकरांचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलेलं, पण ते तिथे यंत्रकामात तयार झाले. आणि रखवालीला चक्क शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली! ज्यांच्या हाती कुणी घराची किल्ली दिली नसती, त्यांच्यावर अख्ख्या वसाहतीची राखण सोपवली आणि त्यांनी ती चोख केली. लेविनचं सूत्र इथे उलट्या बाजूने सिद्ध होतं. माणूस तोच, परिस्थिती बदलली, वर्तन बदललं.

मालकाच्या स्वभावातून तिथली संस्कृती घडली आणि त्या संस्कृतीने इतरांचं वागणं घडवलं. एडगर शाइनने १९८५ च्या पुस्तकात हेच सांगितलंय. भिंतीवरच्या पाट्या आणि घोषणा हे संस्कृतीचे वरचे थर. खालचा थर म्हणजे कुणी न बोलता सगळ्यांनी मानलेल्या गोष्टी, आणि त्या पुष्कळदा संस्थापकाच्या वागण्यातून झिरपलेल्या असतात. आमच्या त्या कारखान्यातही 'सेफ्टी फर्स्ट'ची पाटी होतीच की!

पथ्य

स्वभावाला औषध नाही म्हणतात. नसू दे. पण पथ्य तर आपल्या हातात आहे. होस्टेलची कमिटी असो, प्रोजेक्टचा ग्रुप असो की लॅब, तीन गोष्टी आजपासून करता येतील.

पहिली, मत विचारताना सर्वांत लहानापासून सुरुवात करा. सीनिअर एकदा बोलला की बाकीचे माना डोलावतात.

दुसरी, तोंडी 'हो'वर काम सोडू नका. गाडी सोडताना दोन स्टेशन मास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात आणि दोघेही तो लिहून ठेवतात. त्यात कुणाचा अविश्वास नसतो, म्हणूनच कुणाला राग येत नाही.

तिसरी, काही बिघडलं की 'कुणी केलं?' याच्या आधी 'कशामुळे झालं?' विचारा. पहिल्या प्रश्नाने माणसं गप्प होतात.

सर आणि मॅडम, ही पथ्यं आमच्याइतकीच तुम्हालाही लागू आहेत, रागावू नका! कारण उद्या आपल्या लॅबमधला एखादा फर्स्ट इयरचा मुलगा म्हणेल, "सर, हा मीटर चुकीचा दाखवतोय." तेव्हा पहिलं वाक्य आपण काय बोलतो, त्यावर तो पुढची चाळीस वर्षं बोलेल की गप्प बसेल हे ठरायचं आहे. माझ्या वेळी मला "तू लिही" असं सांगितलं गेलं. तुम्ही म्हणा, "चल, बघूया."