रक्तातील साखर उतरणे : कारणे व आहारोपाय

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढणे, हे आता खेडोपाडी ठाऊक आहे. परंतु औषध घेणाऱ्याची साखर कित्येकदा प्रमाणाबाहेर उतरते, व हे संकट अधिक तातडीचे असते, याकडे आम्ही शेतकरी बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

इ. स. १९२१ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला व असंख्य जीव वाचले. मात्र इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी, एकदा शरीरात गेली म्हणजे जेवण चुकले तरी आपले काम करीतच राहते. त्यातच श्रम वाढले की साखर झपाट्याने उतरते.

मुंबईतील शीव कोळीवाडा ही कोळ्यांची जुनी वस्ती. मासेमारीचा धंदा भरती-ओहोटीवर चालतो, घड्याळावर नव्हे. शेतकऱ्याचेही तसेच आहे. रात्री वीज आली की त्यास पंपावर जावे लागते. अशा वेळी औषध घेतले जाते, पण जेवण राहते. शिवाय मासळी कितीही पौष्टिक असली तरी तीत पिष्टांश जवळजवळ नसतो; म्हणून औषध घेणाऱ्याने तिच्याबरोबर भात किंवा भाकरी वगळू नये.

घाम, कापरे, धडधड व एकाएकी लागलेली भूक ही पहिली लक्षणे होत. पुढे जीभ अडखळते, तोल जातो, आणि पाहणाऱ्यास मनुष्य प्यालेला वाटतो. या गैरसमजात मोलाचा वेळ जातो. १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमहून कमी साखर आढळल्यास उपाय लगेच करावा.

तो उपाय असा : सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. पेढा किंवा लाडू देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तितकीच साखर द्यावी, व बरे वाटताच भाकरी, दूध किंवा जेवण द्यावे. ॲकार्बोज ही गोळी चालू असल्यास साखरेचा गुण लवकर येत नाही. तेथे ग्लुकोजच हवे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी वैद्यकीय सल्ला घ्यावाच.

मेथी, कारले, जांभूळबी यांची चूर्णे साखर वाढविणारी नव्हेत. औषधाच्या जोडीला ती घेतल्यास साखर अधिकच उतरण्याचा संभव असतो. उपाशीपोटी दारू घेतल्यास यकृताचे साखर तयार करण्याचे काम मंदावते. एकादशीचा उपवास करावयाचा असल्यास औषधाचे प्रमाण आधीच डॉक्टरांस विचारून ठरवावे.

शीव कोळीवाड्यातील रहिवाशांस लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे. मळ्यात राहणाऱ्यास रुग्णालय कित्येक कोस दूर असते. यास्तव इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्याने साखरेची पुडी सदैव जवळ बाळगावी, आणि तिचा उपयोग घरच्यांस व गड्यांस आधीच समजावून ठेवावा.