बाळाच्या स्वेटरसाठी लोकर कोणती घ्यायची? आधी तास मोजा, मग गुंडा उचला

विणकामाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच ताई एकच गोष्ट विचारतात, "स्वस्त लोकर कुठे मिळेल?" माझं म्हणणं, प्रश्न थोडा बदला. "कोणत्या लोकरीत माझी मजुरी सुटेल?" असं विचारा. आजचा धडा त्यावरच आहे.

१. आपल्या भागात काय चालतं?

धाराशिव बालाघाटच्या पठारावर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, पण दुपारी ऊन लागतं. जाडजूड स्वेटर इथे चार दिवस वापरून पेटीत जातो. घोंगडीची दख्खनी लोकर राठ, ती बाळाच्या अंगाला टोचते. म्हणून बारशाच्या सेटसाठी (स्वेटर, टोपी, पायमोजे) मधल्या जाडीची, हलकी लोकर बरी. तिला 'डीके' म्हणतात. काही लेबलांवर '८ प्लाय' असतं. पण प्लायच्या आकड्यावर विसंबू नका, कंपनीगणिक जाडी बदलते. लेबलवर ४ मिमीची सुई आणि १० सेंमीत २१ ते २४ टाके लिहिले असतील, तर ती आपल्या कामाची.

२. बारीक लोकर महाग का पडते?

बारीक लोकरीत १० बाय १० सेंमीच्या चौकोनाला साधारण २८ टाके आणि ३६ ओळी लागतात, म्हणजे १००८ टाके. डीकेमध्ये २२ टाके, २८ ओळी, म्हणजे ६१६. जे काम बारीक लोकरीत २० तासांचं, ते इथे साधारण १२ तासांत होतं. लोकर निवडताना तुम्ही तुमचे तास निवडता, हे लक्षात ठेवा.

३. ग्रॅम नको, मीटर बघा

१०० ग्रॅम ॲक्रिलिक डीकेमध्ये साधारण २७० ते ३०० मीटर धागा निघतो. कॉटन जड असतं, त्यात २०० ते २५० मीटर. म्हणून किंमत भागिले मीटर करा, तेव्हा खरा भाव कळतो. ॲक्रिलिक हलकं, धुवायला सोपं, पण त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, वीण चपटी होते. कॉटन घाम शोषतं, उन्हाळ्यातल्या टोप्यांना छान. एका ऑर्डरची सगळी लोकर एकाच डाय लॉटची घ्या, नाहीतर बाही वेगळ्या रंगाची दिसते.

४. सुईचा नंबर नीट समजून घ्या

आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश नंबरात ८ नंबरची सुई ४ मिमीची असते आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन व्हिडिओत ८ नंबर म्हणजे ५ मिमी! म्हणून नंबर सोडा, मिमी विचारा.

५. आधी नमुना विणा

१५ सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा, मग मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. ११० टाक्यांचा स्वेटर २२ च्या हिशेबाने ५० सेंमी घेराचा होतो. तुमचा हात सैल असेल आणि २० टाकेच बसत असतील, तर तोच ५५ सेंमी होतो. गिऱ्हाईक परत पाठवणारच ना? टाके कमी भरले तर सुई बारीक घ्या, जास्त भरले तर जाड.

६. आता हिशोब

समजा एका सेटला ४०० मीटर लोकर लागते. २८० मीटरचा गुंडा १२० रुपयांना, म्हणजे लोकर साधारण १७० रुपयांची. बटणं, पॅकिंग ३० रुपये. १२ तास, तासाला ५० रुपयांप्रमाणे ६०० रुपये. एकूण खर्च ८०० रुपये.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरीच तर विणतेस, ५०० ला दे." दिलात, तर लोकर-बटणांचे २०० जाऊन हातात ३०० राहतात. तासाला २५ रुपये! घरी बसून केलं म्हणून मेहनत फुकट होत नाही. वर नफा धरून ९०० सांगा. तेवढी ऐपत नसलेल्या गिऱ्हाइकाला फक्त टोपी-मोज्यांची जोडी दाखवा, सेटचा भाव पाडू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: एकच गुंडा आणा. नमुना विणताना घड्याळ लावा. टाके, मीटर आणि वेळ वहीत लिहा. गटात काम करत असाल तर प्रत्येकीचा नमुना वेगळा ठेवा, कारण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. वही भरली की मगच पहिली ऑर्डर घ्या.