विद्यार्थ्याचे चलच्चित्र आणि आपला अभिप्राय

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध कसा तपासावा, हे आम्हांस शिक्षकी पेशाच्या अभ्यासक्रमात शिकविण्यात आले होते. परंतु विद्यार्थ्याने स्वतः काढलेली चित्रे हलवून त्यांची छोटी चित्रफीत करून आणली, तर तिच्यावर काय बोलावे, हे कोणी शिकविले नव्हते. त्या अज्ञानाची किंमत आमच्या नववीतील एका विद्यार्थ्यास द्यावी लागली. पालकांच्या हातीही हा अंक जातो, म्हणून ती हकीकत येथे देत आहोत.

चित्रफितीचा विषय साधा होता. गारगोटीच्या एस. टी. स्थानकावर एक म्हातारी आपल्या मुलाची वाट पाहत उभी आहे. गाडी येते, उतारू उतरतात, मुलगा येत नाही. गाडी निघून जाते आणि म्हातारी घरची वाट धरते. कागद कापून केलेल्या आकृत्या, पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवलेला भ्रमणध्वनी, आणि सेकंदाला आठ याप्रमाणे सत्तर सेकंदांसाठी घेतलेली ५६० छायाचित्रे! दिवाळीची सारी सुटी त्याने त्यात घालविली होती.

वर्गात ती पाहून होताच आम्ही म्हणालो, "अरे, तुझी म्हातारी चालत नाही, घसरते आहे." वर्ग हसला. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पंधरा दिवसांनी त्याचे वडील भेटले व म्हणाले, "सर, लई बरं केलासा. पोराचा त्यो नाद सुटला एकदाचा." त्यांनी आमचे आभार मानले, आणि आम्हांस मान वर करवेना.

आमचे म्हणणे खोटे होते काय? मुळीच नाही. माणूस चालतो तेव्हा टेकलेले पाऊल जमिनीवर एका जागी स्थिर राहते व शरीर त्यावरून पुढे सरकते. मुलाने प्रत्येक चित्रात सारी आकृतीच पुढे ढकलली होती, म्हणून पाय घसरल्यासारखे दिसत. पण आम्ही त्यास हे कारण सांगितले नाही. केवळ दोष सांगितला, आणि तोही चारचौघांत. ज्याचा उपयोग करून पुढचे चित्र सुधारता येईल, असे त्या वाक्यात काहीच नव्हते.

शेवटी आम्ही त्यास घरी बोलावून चित्रफीत पुन्हा लावावयास सांगितली. दोन वेळा पाहिली, आणि दोन्ही वेळा तोंड मिटून पाहिली. मग विचारले, "यात पाहणाऱ्याला नेमके कोठे वाईट वाटावे अशी तुझी इच्छा होती?" तो म्हणाला, "गाडी गेल्यावर." तेव्हा कोठे खरी उणीव आमच्या ध्यानी आली. गाडी गेल्यावर म्हातारी अवघी चार चित्रे, म्हणजे अर्धा सेकंद उभी राहते व लगेच वळते. आपल्या मनाला दुःख होण्यास तेवढा अवधी पुरत नाही. तेच चित्र सोळा वेळा ठेवले तर दोन सेकंद होतात, आणि त्यासाठी नवी रेघही ओढावी लागत नाही. ज्या दोषावर आम्ही वर्ग हसविला, तो दुय्यम होता. मुख्य दोष पहिल्या खेपेस आम्हांस दिसलाच नव्हता.

ही विद्या आपल्याकडे परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या अवधीने टिपली होती. १९१५ साली त्यांनी आगकाड्या चित्रागणिक हलवून त्यांचा खेळ पडद्यावर दाखविला. पुढे १९५६ च्या सुमारास डिस्नेच्या चित्रशाळेतील क्लेअर वीक्स हे मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले. ते मिशनरी कुटुंबातील होते, हे येथे सांगण्यास आम्हांस विशेष आनंद होतो. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय सजीवचित्रणाचे जनक मानण्यात आले. चित्राचे चित्र तपासणारा गुरू मिळाला म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

आमच्या कोल्हापुरातील बाबुराव पेंटर चित्रीकरणापूर्वीच पोशाखांची व देखाव्यांची रेखाटने करीत. अभिप्रायही त्याच वेळी द्यावा, असे आता आम्हांस वाटते. कथा दहा-बारा चौकटींत पेन्सिलीने काढलेली असते तेव्हा एक चौकट खोडणे सोपे. ५६० छायाचित्रे झाल्यावर तीच सूचना मुलाच्या छातीवर धोंडा होऊन बसते. तसेच, "छान आहे" या शब्दांनीही मुलाच्या हाती काही पडत नाही. "तिसाव्या सेकंदाला गाडी एकदम थांबते, थांबण्यापूर्वी दोन चित्रांतील अंतर कमी कमी करीत जा," असे म्हटले तर त्यास उद्याचे काम मिळते. एका बैठकीस असे एकच काम पुरे. आणि त्याच्या हातातील कात्री आपण घेऊ नये. हा मोह आम्हांस फार होतो.

त्या मुलाने बारा चित्रे वाढविली. वडिलांना आम्ही मुद्दाम बोलावून ती फीत दाखविली. गाडी निघून गेली, म्हातारी उभी राहिली, आणि ते हळूच म्हणाले, "ही आमची आई न्हवं?" मुलाने मान हलविली. म्हातारी अजून घसरतेच. पायांचे काम त्याने मे महिन्याच्या सुटीसाठी ठेवले आहे.