संमती पालकांची, आयुष्य बालकाचे

लसीकरणाच्या वेळचे एक नवे दृश्य आता आम्हां बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे झाले आहे. आई बाळाला मांडीवर घट्ट धरते आणि वडील मोबाईलचा कॅमेरा सुरू करतात. सुई टोचताच बाळाने फोडलेला टाहो संध्याकाळपर्यंत अनोळखी लोकांच्या करमणुकीचा विषय होतो. आजी-आजोबांना नातवाचे छायाचित्र पाठवणे ही गोष्ट निराळी; तिच्यामागे केवळ कौतुक असते. परंतु त्याच चित्रफितीवर जाहिरातींचे उत्पन्न मिळू लागले, की बाळाचे रडणे, हट्ट, आजारपण हे सारे विक्रीयोग्य होऊन बसते. या व्यवहारात बालकाचे हित कोणी पाहायचे?

आपल्या व्यवसायाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच केला आहे. अज्ञान बालकाच्या वतीने पालक संमती देतात; पण ती मालकाची नव्हे, विश्वस्ताची असते. म्हणून तिची मर्यादा बालकाच्या हितापाशी संपते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बालकांवरील संशोधनात पालकांच्या संमतीखेरीज सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, तर त्यापुढे अठराव्या वर्षापर्यंत लेखी सहमती घ्यावी लागते. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना मनाई केली आहे. जे बंधन आपण स्वतःवर घालून घेतले, त्याचे मर्म पालकांना सांगण्यास मात्र आपण संकोचतो.

अमेरिकेतील युटा राज्यातील रुबी फ्रँकी यांचे उदाहरण बोलके आहे. आपल्या सहा मुलांचे दैनंदिन जीवन त्यांनी यूट्यूबवरील '८ पॅसेंजर्स' या वाहिनीवर मांडले. तिची सदस्यसंख्या वीस लाखांहून अधिक झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच्या मुलांच्या छळाबद्दल कारावासाची शिक्षा झाली. चित्रीकरण करणारे सारेच पालक क्रूर असतात, असा याचा अर्थ नव्हे. परंतु लाखो डोळे पाहत असूनही मुलांचे रक्षण होत नाही, एवढे यातून निश्चित दिसते. पुढे त्यांच्या सज्ञान कन्येने युटाच्या लोकप्रतिनिधींसमोर अशा चित्रीकरणाविरुद्ध साक्ष दिली आणि २०२५ मध्ये त्या राज्याने मुलांच्या संरक्षणासाठी कायदा केला.

फ्रान्सने ऑक्टोबर २०२० मध्येच कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांची अशी कमाई त्यांच्या सज्ञानतेपर्यंत सुरक्षित ठेवण्याची तरतूद केली आणि चित्रफिती काढून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क खुद्द मुलाला दिला. आपल्याकडे बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांत बालकलाकारासाठी दिवसाला कमाल पाच तास काम, सलग तीन तासांनंतर विश्रांती आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे, अशा तरतुदी आहेत. मात्र या नियमांची रचना निर्माता एक आणि पालक दुसरा, असे धरून झालेली आहे. निर्माताच जन्मदाता असेल, तर मुलाच्या बाजूने 'पुरे' म्हणणारा घरात कोणी उरत नाही.

तेथे आपले कर्तव्य सुरू होते. तपासणीच्या खोलीत चित्रीकरणास नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. मीही पूर्वी दोन-चार वेळा कॅमेऱ्याकडे पाहून हसलो आहे. आज ते योग्य वाटत नाही. मूल आजारी, विवस्त्र वा रडत असताना कॅमेरा बंद राहावा. आजाराचे नाव व शाळेचा पत्ता जगजाहीर करू नये. सात वर्षांपुढील मुलाला प्रत्येक वेळी विचारावे आणि त्याचा नकार अंतिम मानावा. पैसा मिळालाच, तर तो मुलाच्या नावे जमा करावा.

अंथरुण ओले करण्याच्या सवयीवर उपचार घेणारे मूल आपल्यासमोर मान खाली घालून बसते. ती गोष्ट आपण चार भिंतींबाहेर जाऊ देत नाही, कारण उद्या ते मूल मोठे होऊन वर्गात, नोकरीत, संसारात ताठ मानेने वावरणार असते. पालकांकडूनही आपली अपेक्षा इतकीच आहे.