वायुतूलिका : तुषाराने रंगविण्याची कला

एअरब्रश, म्हणजेच वायुतूलिका, कागदाला स्पर्श न करता रंगविते. तिच्या निमुळत्या तोटीभोवतून दाबाखालील हवा वेगाने बाहेर पडते. तेथील दाब उतरतो आणि पेल्यातील रंग ओढला जाऊन त्याचा तुषार होतो.

रंग दुधाइतका पातळ करून गाळून घ्यावा. तोटीचे छिद्र बहुधा ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते. एखादा कणही ते बुजवितो. दाब दर चौरस इंचास १५ ते २५ पौंड पुरतो. कॉम्प्रेसरच्या नळीत बाष्प अडविणारा सापळा हवाच, विशेषतः पावसाळ्यात. एरव्ही चित्रावर पाण्याचे थेंब उडतात.

दुहेरी खटक्याच्या तूलिकेत खटका दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. आधी हवा, हात हलू लागल्यावर रंग. थांबताना प्रथम रंग बंद, मग हवा. रंग चालू असता हात थबकला, तर तेथे डबके साचून त्याला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. तूलिका जवळ नेली की रेघ बारीक होते, दूर नेली की छटा पसरते. नवशिक्याने रद्दीवर टिंबे व रेघाच काढाव्यात. हा सराव कंटाळवाणा खरा, पण त्यावाचून हात बसत नाही.

हा तुषार श्वासाबरोबर फुफ्फुसांत खोल जातो, आणि साधा रुमाल त्याला अडवीत नाही. म्हणून वर्गात बिनविषारी पाण्याचे रंगच घ्यावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात व सूक्ष्मकण अडविणारा मुखवटा लावावा. शिसे किंवा कॅडमियम असलेले रंग कधीही फवारू नयेत. थिनरच्या रंगांची वाफ तर ज्योतीजवळ भडकते.

काम संपताच स्वच्छ पाणी घालून ते निर्मळ येईपर्यंत जुन्या फडक्यावर फवारावे. सुई हलकेच काढून पुसावी. तिचे टोक वाकले की तुषार एका बाजूस जातो.