प्लास्टर निघाल्यानंतरचं कोपर

प्लास्टर निघालं की घरातल्या सगळ्यांना वाटतं, चला, सुटलो. मग वेणी घालताना लेकीचा हात केसांपर्यंत पोचत नाही, फळीवरचा डबा काढताना कोपर सरळ होत नाही, आणि तिकडे कबड्डीची निवड चाचणी तोंडावर आलेली असते. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं, हाडवैद्याकडून चांगलं चोळून घ्या. कुणी म्हणतं, वाळूची बादली धरून उभं करा, वजनानं हात आपोआप सुटेल.

आई-बाबांनो, नेमक्या या दोनच गोष्टी करू नका. फिजिओथेरपिस्ट म्हणून पालकांशी माझे वाद होतात ते बहुतेक यावरूनच. प्लास्टरखाली कोरडी पडलेली कातडी मऊ व्हावी म्हणून वरवर खोबरेल लावलंत, तर माझी ना नाही.

कोपर मुळातच चिडका सांधा. तिथे तीन हाडं एकाच आवरणात नांदतात. पकडीत हात पिरगळून कोपर निखळलं की ते आवरण फाटतं आणि भरून येताना जाड, आखूड होतं. त्याला अगदी लागून पुढच्या बाजूला दंडाचा एक स्नायू असतो, तोही दुखावतो. तो चोळून-ओढून पुन्हा पुन्हा दुखावला तर स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मालिश करून आणखी आखडलेलं कोपर आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञांना नवं नाही.

मग करायचं काय? हात लेकीनं स्वतःच हलवायचा. दिवसातून तीन-चार वेळा, थोडा वेळ, ओढ जाणवेल इतपतच. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर काल जास्त झालं असं समजा. तळहात वर-खाली फिरवायचा व्यायाम बरेच जण विसरतात, तोही हवा. दुमडणं सहसा आधी परत येतं, सरळ होणं रेंगाळतं. त्याला महिने लागतात आणि शेवटचे पाच-दहा अंश कधी राहूनही जातात. निरोगी कोपर साधारण 0 ते 145 अंश फिरतं, पण रोजची बहुतेक कामं 30 ते 130 अंशांत भागतात. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्यांना मात्र तेवढं पुरत नाही.

धीर धरायचा म्हणजे दुर्लक्ष करायचं असं नाही. कोपर मध्येच अडकतंय, करंगळीला मुंग्या येतायत, हालचाल वाढायच्या ऐवजी कमी होतेय, असं काही दिसलं तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा तुकडा सुटून सांध्यात अडकलेला असू शकतो. तो कितीही व्यायाम केला तरी निघत नाही.

आणि रोज सकाळी ‘बघू, किती सरळ झाला?’ असं विचारणं तेवढं थांबवा. कोन मोजायचं काम आमच्यावर सोडा. तिला धास्ती वेगळीच असते, संघातली जागा दुसरी कुणी घेईल याची. म्हणून डॉक्टरांना विचारून तिला मैदानावर जाऊ द्या. पायांचे व्यायाम करू दे, गुण लिहू दे. चढाई-पकड मात्र कोपर न दुखता फिरायला लागल्यावर आणि त्या हाताची ताकद दुसऱ्या हाताच्या जवळपास आल्यावरच. त्याआधी प्रशिक्षक म्हणतील, ‘पट्टी बांधून एक सामना खेळू दे.’ तेव्हा ‘नाही’ तुम्हालाच म्हणावं लागेल. ती म्हणणार नाही.