सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतलास म्हणून

शिरूर कासार

चि. बाळास,


तू बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात रुळलास, बरं वाटलं. दहावीच्या गणिताला कॅल्क्युलेटर चालत नव्हता; डिप्लोमाच्या प्रश्नपत्रिकेवर परवानगीच छापलेली असते. म्हणून सत्र सुरू होतानाच लिहितोय.

आपल्याकडे आडतीवरच्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ दाबलं की २० येतात, कारण तो बटणं दाबू तसा मोजत जातो. तुझा आधी गुणाकार करून १४ दाखवेल. आडतीवरची सवय मोडायला वेळ लागतो.

आता तुझ्याच विषयातलं घे. १२ मिमी व्यासाची, ३ मीटर लांब पोलादी सळई २० किलोन्यूटननं ओढली, तर किती लांबेल? सूत्रात वर बल गुणिले लांबी, म्हणजे २०००० × ३०००. खाली क्षेत्रफळ ११३.१ आणि यंग गुणांक २ × १०⁵. उत्तर २.६५ मिमी. खालच्या गुणाकाराला कंस घालायचा राहिला, तर उत्तर येतं १.०६ × १०¹¹ मिमी, म्हणजे लाख किलोमीटरच्या वर! हे निदान डोळ्यांना खुपतं. मला भीती वाटते ती दुसऱ्या चुकीची. २ × १०⁵ भरताना २, ‘एक्स्प’, ५ एवढंच दाबायचं, कारण त्या बटणातच ‘गुणिले दहाचा घात’ आहे. मुलं २ × १० दाबून मग ‘एक्स्प’ ५ दाबतात. गुणांक दसपट होतो, उत्तर ०.२६५ येतं आणि ते अगदी खरं वाटतं.

त्यासाठी बटणाला हात लावण्याआधी वहीच्या कडेला अंदाज मांड. वर ६ कोटी, खाली ११३ गुणिले २ लाख म्हणजे सव्वादोन कोटी. उत्तर दोन ते तीनच्या मध्ये हवं. एवढं तोंडी जमतं, आणि ते रोज कर.

पडद्यावर दिसतं तेवढंच यंत्राच्या पोटात असतं असं नाही. ‘फिक्स २’ वर, म्हणजे दोनच दशांश स्थळं दाखवताना, २ ÷ ३ चं ०.६७ दिसतं, तेच हातानं भरून तिनानं गुणलंस तर २.०१ येईल, मागचं उत्तर जसंच्या तसं घेणारं ‘आन्स’ बटण वापरलंस तर २. मधले आकडे पुन्हा टाइप करू नकोस.

वर्गात कॅल्क्युलेटर हातोहात फिरतो. परत आला की साइन ३० दाबून बघ. ०.५ आलं तर ठीक, −०.९८८ आलं तर कुणीतरी रेडियनवर ठेवलाय, आधी डिग्रीवर आण.

तुझा,
मामा